चार सेकंदांचे सत्तर सेकंद

चितेगावच्या कारखान्यात मी अठरा वर्षं स्टोअर्स आणि प्लॅनिंग पाहिलं. त्यातल्या एका आठवड्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो. तो आठवडा दसऱ्यानंतरचा होता. विद्यापीठाच्या नावाचा निकाल तेव्हा लागायचा होता. आम्ही शहराला औरंगाबादच म्हणत असू. पैठण रोडला दर सहा महिन्यांनी एखादं नवं पत्र्याचं शेड उभं राहत होतं.

आमच्याकडं संगणक येऊन दीड वर्ष झालं होतं. एका खोलीत सर्व्हर, म्हणजे सगळा साठा ज्यात लिहिलेला असे तो मोठा संगणक, आणि स्टोअर्स, डिस्पॅच, गेट असे मिळून बाहेर सात संगणक. हे आठही संगणक एकाच काळ्या वायरीनं जोडलेले होते. सर्व्हरपासून निघालेली वायर भिंतीभिंतीनं, कपाटांमागून फिरत गेटच्या खोलीपर्यंत जाई. गेटवरून एखाद्या मालाचं कार्ड, म्हणजे त्याच्या साठ्याची नोंद, मागितलं की ते चार सेकंदांत पडद्यावर येई. हा आकडा मी घड्याळ लावून मोजलेला होता. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. बायको म्हणते, तुम्ही कुकरच्या शिट्ट्याही वहीत मांडाल.

संगणकाची खोली ज्या बाई सांभाळत त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणत असू. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, डिप्लोमा केलेल्या. राहायला विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत. नोकरीत अजून कायम झालेल्या नव्हत्या. त्यांची सहा महिन्यांची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि दुसरी मुदत त्याच महिन्याच्या अखेरीला संपणार होती. तिसरी मुदत द्यायची नाही, ठेवायचं किंवा सोडायचं, असा कारखान्याचा नियम होता. ठेवावं की नाही याची शिफारस मी करायची होती, कारण त्यांच्या कामाचा रोज उपयोग करणारा मीच होतो.

पुण्याच्या पुरवठादारानं साठ्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती अकरा फ्लॉप्यांवर पाठवली. मॅडमनी त्या अष्टमीच्या दिवशी बसून टाकल्या. एकेक फ्लॉपी, पुढचा क्रमांक मागितला की पुढची. संध्याकाळी रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं: ‘अकराही फ्लॉप्या टाकल्या. गेटवरून चाचणी घेतली. कार्ड उघडण्यास चार सेकंद.’ खाली सही केली आणि रात्रीच्या गाडीनं त्या नागपूरला गेल्या. दसऱ्याला त्यांच्या घरचे सगळे दरवर्षी दीक्षाभूमीला जात. रजेचा अर्ज त्यांनी महिनाभर आधी दिला होता, आणि तो मीच पुढं पाठवला होता.

दसऱ्यानंतरच्या सकाळी गेटवर तीन ट्रक उभे होते. चलनासाठी कार्ड मागितलं. पडदा काळाच. मी घड्याळ पाहत राहिलो. सत्तर सेकंद. पुन्हा मागितलं, अडुसष्ट. तिसऱ्यांदा त्र्याहत्तर आणि मग संगणक अडकूनच पडला. दुपारपर्यंत ट्रक नऊ झाले. ड्रायव्हर लोक गेटच्या खिडकीत हात घालून टेबल वाजवत होते.

“ओ साहेब, तुमच्या टीव्हीत पिक्चर लागतोय का नाय?”

“लागतोय की, मध्यंतर चालूय,” दुसरा म्हणाला.

मॅडम नागपूरहून रात्रभर प्रवास करून थेट कंपनीच्या बसमध्ये चढलेल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या सर्व्हर पाहिला, गेटचा संगणक पाहिला आणि मला विचारलं, “साहेब, मी नसताना इथं काही हलवलं का?”

मी खोलीभर नजर फिरवली. सर्व्हरचं टेबल जागेवर, दक्षिणेकडं तोंड करून. कपाट जागेवर. रजिस्टरमध्ये त्यांच्या नोंदीखाली एकही ओळ नव्हती. मी म्हणालो, “नाही. कारखाना बंद होता. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”

हे मी खोटं बोललो नव्हतो. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरनी, मला बोलावलं. “अपडेट टाकण्याआधी चालत होतं, टाकल्यावर बिघडलं. मग बिघडवलं कुणी? शनिवारपर्यंत लेखी द्या. बाईंच्या कन्फर्मेशनचं त्यावरच बघू.”

हिशेब सरळ होता आणि मलाही तो पटला. मी पुण्याला एसटीडी लावला. तिकडचा माणूस म्हणाला, “आमच्या फ्लॉप्या बाकी बारा ठिकाणी चालतायत. तुमच्या ऑपरेटरनं क्रम चुकवला असेल.” मी हेच मॅडमना ऐकवलं.

त्या म्हणाल्या, “क्रम चुकला तर फ्लॉपी पुढं जातच नाही, साहेब. आणि मी त्या संध्याकाळी चाचणी घेतली. चार सेकंद. लिहिलंय मी.”

मी म्हणालो, “लिहिलंय, पण मी पाहिलेलं नाही.”

त्या पुन्हा कीबोर्डकडं वळल्या.

मला आकड्यांची चाड आहे असं मी स्वतःबद्दल सांगत असे. पण त्याच स्टोअर्समध्ये वजनकाट्यावरचा माणूस दिवसाला चाळीस वजनं लिहून आणे आणि मी काट्याकडं न बघता सही करी. वायरमन मीटरचं रीडिंग तोंडी सांगे, तेही मी उतरून घेई. न पाहिलेला आकडा मला त्या एका रजिस्टरात, त्या एका सहीवरच खटकला. याचं कारण मी तेव्हा शोधलं नाही. आता शोधायची गरज नाही, मला ते माहीत आहे. आमच्या गावाकडच्या घरात विद्यापीठाच्या नामांतराला विरोध होता. मागं त्यावरून गावोगावी दलितांच्या वस्त्या जळाल्या तेव्हा आमच्या घरातलं कुणी काठी घेऊन गेलं नाही, आणि कुणी आडवंही गेलं नाही. मी शहरात आलो, नोकरीला लागलो आणि या विषयावर बोलायचं नाही एवढंच ठरवलं. न बोलणं म्हणजे निःपक्ष असणं, असा माझा समज होता.

बसमध्ये मात्र लोक बोलत. कंपनीची बस सकाळी क्रांती चौकातून सुटायची. मॅडम पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या. दुसऱ्या दिवशी मागून आवाज आला, “खंडेनवमीला मशीनची पूजा, अन् मशीनवाल्या बाई गावाला. मग मशीन रुसणार नाय तर काय?”

“व्हय, रुसणारच. त्यांना कुठं पूजा चालती?”

“आता विद्यापीठाचं नाव बदलू द्या, मंग बघा कशी सगळी मशिनं पळत्यात.”

सात-आठ जण हसले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मॅडमची मान हलली नाही.

त्या दिवशी त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली. “सर्व्हरवर बसून कार्ड उघडलं तर लगेच उघडतंय. बाहेरच्या संगणकांवरच उशीर होतोय. म्हणजे प्रोग्रॅम बरा आहे, वाट खराब आहे. कपाट सरकवून वायर बघू या.”

कपाट लोखंडी होतं, आत दोन वर्षांची जुनी कागदी कार्डं. सरकवायचं तर चार माणसं आणि आतला सगळा माल बाहेर. मी म्हणालो, “वायर दीड वर्षात बिघडली नाही, ती नेमकी तुम्ही अपडेट टाकल्यावर बिघडली? आधी जुनी आवृत्ती परत टाका.”

“टाकते. पण फरक पडणार नाही.”

“टाकून तर बघा.”

जुनी आवृत्ती परत टाकायला दीड दिवस गेला. तेवढा वेळ गेटवर हातानं चलनं लिहिली. ट्रकांची रांग पैठण रोडवर आली, एका ट्रकनं रस्त्याकडेच्या टपरीचा बांबू पाडला, टपरीवाली माझ्या नावानं शिव्या देत गेटपर्यंत आली. घरी मी जेवताना बोलेना झालो. बायकोनं विचारलं, “झालं काय?” मी म्हणालो, “नेटवर्क.” ती म्हणाली, “मग ते दुरुस्त करा की, भाजीवर का राग काढताय?”

जुनी आवृत्ती चढली. मॅडम गेटच्या संगणकावर बसल्या, मी बाजूला घड्याळ घेऊन उभा राहिलो.

एकाहत्तर सेकंद.

पुन्हा. एकोणसत्तर.

मॅडम एवढंच म्हणाल्या, “आता तुम्ही पाहिलं.”

मला खूप चीड आली, आणि ती कुणावर काढावी ते कळेना. जुन्यालाही सत्तर, नव्यालाही सत्तर. म्हणजे प्रोग्रॅमचा संबंध नव्हता, हे कुठल्याही शाळकरी पोराला कळेल. तरी डिस्पॅचचा एक जण जाता जाता म्हणाला, “आता जुनंबी बिघडवलं का बाईंनी?” आणि मी त्यालाही काही बोललो नाही, कारण माझं लक्ष आकड्यांत होतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी लेखी द्यायचं होतं. मी चार माणसं बोलावली, कार्डं पोत्यांत भरली आणि कपाट भिंतीपासून ओढलं.

मागं धूळ, एक मेलेली पाल, आणि तीन वाळलेली झेंडूची फुलं.

फुलं मी उचलून बाजूला ठेवली. मी खाली बसलो आणि वायर हातात धरून बोटाबोटानं तपासत सर्व्हरकडं निघालो. वायरीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत तिचा रोध छापलेला होता, दर हात-दीड हातावर. पन्नास. पन्नास. पन्नास. मग काळ्या चिकटपट्टीची एक गाठ. गाठीपुढं वायर जराशी जाड, आणि तिच्यावर आकडा होता पंचाहत्तर. हात-दीड हात गेल्यावर दुसरी गाठ. पुढं सर्व्हरपर्यंत परत पन्नास.

मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. “ही टीव्हीची वायर आहे,” त्या म्हणाल्या. “ह्या कामाला पन्नासचीच लागते. मधे दुसरी घातली की निरोप गाठीपाशी आपटून मागं येतो, मग संगणक तोच निरोप पुन्हा पाठवतो, पुन्हा आपटतो. ही इथं आली कशी?”

मी वायरमनला बोलावणं पाठवलं. हा खुलताबादचा, माझ्याच वयाचा, बारा वर्षं कारखान्यात. आला, गाठ पाहिली आणि सहज म्हणाला, “हौ साब, मैंच लगाया. खंडेनवमी को.”

“कुणी सांगितलं?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “आपीच तो बोले थे! मैं पूछा भी, साब ये टीवी का वायर है, चलता क्या? आप बोले, जो है वो लगा, पूजा को देर हो रही.”

मग मला सगळं आठवलं. खंडेनवमीच्या सकाळी कारखाना बंद ठेवून आम्ही दरवर्षी यंत्रांची पूजा करतो. लेथ, प्रेस, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. त्या वर्षी मी म्हटलं, सर्व्हरचीही करू. खोलीत गेलो तर सर्व्हरचं तोंड दक्षिणेला. दक्षिणेकडं तोंड केलेल्या यंत्राची पूजा कशी करायची? मीच म्हणालो, टेबल फिरवून पूर्वेला तोंड करा. फिरवलं. वायर अपुरी पडली, ताणली गेली आणि तुटली. वायरमननं कँटीनच्या टीव्हीची उरलेली वायर आणून जोड दिला. मी दारात नारळ हातात घेऊन उभा होतो. त्यानं विचारलं ते मी ऐकलं होतं. उत्तरही दिलं होतं. पूजा झाली, पेढे वाटले, टेबल पुन्हा होतं तसं दक्षिणेला केलं. वाढीव वायर कपाटामागं ढकलून दिली.

आणि दोन दिवसांनी एका बाईनं मला विचारलं, काही हलवलं का, तर मी खोलीभर बघून नाही म्हणालो. कारण मी पूजा केली होती, काम नव्हतं केलं. कामाची नोंद होते. पूजेची नोंद कुठल्या रजिस्टरात करतात? माझ्या डोक्यात तो तास कारखान्याच्या वेळात धरलेलाच नव्हता.

वायरमननं स्टोअरमधून पन्नासची नवी वायर आणली आणि मधला तुकडा काढून एकसंध वायर टाकली. मॅडमनी गेटवरून कार्ड मागितलं. चार सेकंद. त्यांनी नव्या आवृत्तीच्या अकरा फ्लॉप्या पुन्हा टाकल्या, त्याला संध्याकाळ झाली. पुन्हा चार सेकंद. या वेळी रजिस्टरात त्यांनी लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली. “तुम्हीपण सही करा. तुम्ही पाहिलंय.”

मी सही केली. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “चूक माझी होती, मॅडम.”

“हो,” त्या म्हणाल्या. “कपाट दुसऱ्या दिवशी सरकवलं असतं तर दीड दिवस वाचला असता.”

शनिवारी मी अहवाल दिला. एक पान. अपडेटमध्ये दोष नाही, ऑपरेटरची नोंद बरोबर होती, खंडेनवमीला सर्व्हरची पूजा केली, टेबल माझ्या सांगण्यावरून हलवलं, चुकीची वायर माझ्या सांगण्यावरून जोडली, विचारल्यावर चुकीची माहिती मी दिली.

मोठ्या साहेबांनी वाचलं आणि पेन काढलं. “एवढं पुराण कशाला? ‘वायरीत दोष, दुरुस्त केला’ एवढं पुरे. पूजेचं लेखी नको, उगीच कुणाच्या भावना.”

“मग वायर कुणाच्या खात्यात धरणार?”

“संगणक विभागाच्या.”

“संगणक विभाग म्हणजे त्या एकट्याच आहेत, साहेब. दोष त्यांच्याच नावावर राहील.”

त्यांनी पान पुन्हा वाचलं. शेवटी पूजेची ओळ खोडली, बाकीच्या ओळी ठेवल्या आणि सही केली. महिनाअखेरीला मॅडमना कायम केल्याचं पत्र मिळालं. मला समज देणारं एक पत्र मिळालं, तेही रास्तच होतं.

मला वाटलं, हिशेब मिटला. पत्र मिळाल्याच्या दिवशी मी खोलीत जाऊन अभिनंदन केलं. त्यांनी आभार मानले. मग म्हणाल्या, “साहेब, तुमचा कागद मोठ्या साहेबांनी वाचला. बसमध्ये तो कोण वाचणार?”

त्या पुढं म्हणाल्या, “मशीन बाईंमुळं रुसलं होतं, आता सुधारलं, असं चाललंय मागं. मी ऐकते रोज. तुम्हीपण ऐकता.”

ही गोष्ट मी त्यानंतर चार दिवस टाळली. रोज क्रांती चौकात बसमध्ये चढायचो, आज बोलू म्हणायचो, चितेगाव यायचं. चार दिवस म्हणजे जाण्यायेण्याचे आठ प्रवास. हेही मी मोजले. आमच्याच गावाकडचे, आमच्याच जातीचे लोक त्या मागच्या सीटांवर होते, आणि त्या दिवसांत एवढंसं बोलणंही कुठल्या बाजूचं धरलं जाईल याचा नेम नव्हता. भीती वाटत होती हे खरं आहे.

पाचव्या दिवशी मागून कुणीतरी मला म्हणालं, “काय ओ काका, बाईंचं मशीन पळतंय वाटतं आता? पूजा केली का काय त्यांनी?”

मी उठून उभा राहिलो. बस वळणावर होती, वरची दांडी पकडावी लागली.

“मशीन पूजेनंच बिघडलं होतं,” मी म्हणालो. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. “पूजा मी केली. टेबल मी फिरवायला लावलं. वायर तुटली, तिथं टीव्हीची वायर मी लावायला सांगितली. मॅडमनी फ्लॉप्या टाकल्या त्या संध्याकाळी चार सेकंद लागत होते. माझ्या पूजेनंतर सत्तर. मॅडम तेव्हा इथं नव्हत्या. असत्या तर वायर तुटू दिली नसती.”

मग मागच्या बाकावरून वायरमनचा आवाज आला, “हौ, मैं गवाह हूं. नारियल साब के हाथ में था.”

एक-दोघं हसले. बाकीचे खिडकीतून बाहेर बघायला लागले, अगदी मी बघत असे तसे. ज्यानं विचारलं होतं त्याला काहीतरी बोलणं भागच होतं. तो म्हणाला, “मंग काका, आता तोंड कुणीकडं ठेवलंय त्याचं?”

“दक्षिणेकडं.”

“अरारा! यमाची दिशा की ती!”

“चार सेकंद लागतात,” मी म्हणालो आणि खाली बसलो.

मॅडमनी मागं वळून पाहिलं नाही. कारखान्यात उतरल्यावर त्या नेहमीसारख्या पुढं चालत गेल्या. दुपारी रजिस्टर सहीसाठी आलं तेव्हा त्यात पट्टीनं आखलेला एक नवा रकाना होता. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काय हलवलं (पूजेसाठी हलवलेलंही धरून)’. त्या दिवसाच्या ओळीत त्यांनी ‘काही नाही’ लिहिलं होतं. मी उठलो, कपाटामागं वाकून पाहिलं, आणि मग सही केली.